डाव्या खांद्याची जागा

१

फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना रानात फिरवणं हा माझा धंदा. या धंद्यात गाईडची जागा ठरलेली असते. फोटोवाल्याच्या डाव्या खांद्याशी, एक पाऊल मागे. त्याचा उजवा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला असतो, तेव्हा काय कुजबुजायचं ते डाव्या कानात. ‘थांब. आता मान वर करील. आता घे.’ फोटोवाला हलत नाही, आपण मात्र कुजबुजत असतो, त्यामुळे समोरचं जनावर बघतं ते आपल्याकडे. टॅमरॅक फ्लॅट या आमच्या गावातल्या कुणाच्याही भिंतीवरचा फोटो दाखवा, जनावराच्या नजरेवरून मी सांगते की गाईड कोण होतं. मी बुटकी आहे. माझ्या पाहुण्यांच्या फोटोंत हरणं डावीकडे, जराशी खाली बघतात.

ओरिन, माझा नवरा, लग्नाआधी माझा पाहुणाच होता. भलीमोठी लेन्स घेऊन आला आणि बगळ्याचे एकजात हललेले फोटो काढून गेला. पुढच्या आठवड्यात परत आला. मग येतच राहिला. तेव्हापासून मी दाखवायचं आणि त्याने टिपायचं, असा आमचा संसार चालला. त्या फोटोंच्या कॅलेंडरवर नाव त्याचं छापलं जायचं आणि हरणं माझ्याकडे बघायची. मला तेवढं पुरे होतं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी वणवा आला आणि गावामागच्या डोंगराची कड, हॉलिसची धार, या टोकापासून त्या टोकापर्यंत जळाली. जळूनही न पडलेल्या झाडांना आमच्याकडे नुसतं ‘उभे’ म्हणतात. त्यांची मुळं आतून जळून गेलेली असतात. वारा नसतानाही एखादा उभा पडतो, आणि पडण्याआधी सांगत नाही. म्हणून वणव्यानंतर मी एक नियम केला आणि गावातल्या सगळ्या गाईडांनी तो उचलला. उभ्यांमध्ये एकट्याने जायचं नाही. गाईडने जनावराकडे नाही, झाडांकडे बघायचं. फोटोवाल्याने डोळा न काढता मधूनमधून विचारायचं, “आहेस?” गाईडने म्हणायचं, “आहे.” उत्तर आलं नाही, तर कॅमेरा तिथेच टाकून बाहेर पळायचं.

गेल्या हिवाळ्यात लुएलाच्या कॅफेच्या दारातल्या बर्फावरून मी घसरले आणि गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं. तेव्हापासून मी खालच्या कुरणात म्हाताऱ्या पाहुण्यांना बदकं दाखवायला लागले. ओरिन धारेवर एकटा जायला लागला. ‘उघड्यावरच थांबेन, उभ्यांमध्ये शिरणार नाही,’ असं त्याने मला वचन दिलं होतं.

रविवारी सकाळी लुएलाच्या कॅफेत सगळे जमतात. रानातल्या हकलबेरी फळांचे पॅनकेक खायचे आणि आठवड्यातले फोटो प्रोजेक्टरने भिंतीवर टाकून एकमेकांची उणीदुणी काढायची, हा जुना रिवाज आहे. या उन्हाळ्यातल्या एका रविवारी ओरिनने एक अस्वल दाखवलं. जळक्या रानात उगवतात त्या गुलाबी आगफुलांत कमरेपर्यंत बुडालेलं, तोंडात फूल धरलेलं, आणि इतकं निवांत की मी एवढ्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

“अगं बाई!” लुएला कॉफीची किटली हातात धरून चक्क मागे वळून बघायला लागली. “हे माझ्या डोक्यावरून बघतंय तरी कुणाकडे?”

तेव्हा मला दिसलं. अस्वल डावीकडे बघत होतं, आणि वर.

“ओरिन, कोण रे ही?” लुएला माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिच्या जिभेला हाड नाही. “डेला तर नव्हे. डेलाकडे बघायचं तर त्या बिचाऱ्याला मान खाली घालावी लागली असती.”

“कुणी नव्हतं. मी एकटाच होतो.”

“एकटा म्हणे! डेला, सांभाळ गं. नवऱ्याने उंच गाईड गाठलीय.”

सगळे हसले आणि सगळ्यांचे डोळे खिडकीशी बसलेल्या टॅन्सीकडे गेले. टॅन्सी नवी गाईड, दोन वर्षांपूर्वी जुनी व्हॅन घेऊन गावात आलेली. तरुण, आणि दारातून येताना डोकं वाकवावं लागेल अशी उंच. तीही हसली. मीही हसले, पण मनात पाल चुकचुकली.

२

घरी आल्यावर ओरिन लाकडं फोडायला गेला आणि मी त्याचा कॉम्प्युटर उघडला. नवऱ्याचं चोरून बघू नये हे मला कळतं. पण पाणी कुठेतरी मुरत असलं की बाईला कळतं, आणि कळलं की स्वस्थ बसवत नाही.

वसंतातले फोटो ठीक होते. जनावरं सरळ लेन्समध्ये बघत होती, एकट्या माणसाच्या फोटोंत बघतात तशी. मग उन्हाळा लागला आणि नजरा डावीकडे वळल्या. काळ्या पाठीचा सुतारपक्षी, घुबड, कोल्हीण आणि तिची पिल्लं, सगळी एकाच जागी बघत होती. आधी साधारण ओरिनच्या खांद्याच्या उंचीवर. मग डोक्याच्या. मग त्याच्याही वर.

मी स्वतःला समजावलं की वर एखादा ससाणा फिरत असेल. पण ससाण्याकडे बघणारी कोल्हीण पिल्लांना पोटाशी घेते. ही तशी बसलीच नव्हती. पाय पसरून, डोळे अर्धे मिटून बसली होती.

खरं सांगते, सगळ्यात जास्त काय लागलं ते वेगळंच होतं. फोटो चांगले होते. माझ्या खांद्याशी उभं राहून काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा चांगले. मी ज्या जनावरांसाठी तास तास चिखलात बसले, ती या कुणा बाईसमोर आपण होऊन येऊन बसत होती. मला हेवा वाटला. असा हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. ओरिन हल्ली धारेवर जायच्या दिवशी दाढी करून जातो. साठी उलटलेला माणूस, अस्वलांना भेटायला दाढी करतो! म्हातारचळ म्हणतात तो हाच, असं मी मनाशी म्हटलं. खुंटीवरचं त्याचं जाकीट काढून हुंगलं. अत्तराचा वास येईल अशी तयारी करून हुंगलं. अत्तर नव्हतं. धुराचा वास होता, ताजा. धारेवर आता फुलांचा वास येतो, पावसाचा येतो. वणव्याला तीन वर्षं झाली.

जेवताना मी विचारलं, “कोण आहे ती?”

“कोण?”

“जिच्यासाठी दाढी करतोस ती.”

त्याने काटा खाली ठेवला. “डेला, तिथे मी एकटाच असतो गं.”

“एकट्याने उभ्यांमध्ये जायचं नाही, हे कुणी ठरवलं?”

“तू.”

“मग?”

तो बटाटे चिवडत बसला. खोटं बोलायचं असलं की तो लगेच बोलतो, म्हणून त्याचं गप्प बसणं मला आवडलं नाही. शेवटी म्हणाला, “तू नाहीस हे डोक्यातच येत नाही. डोळा लावला की सवयीने विचारतो. ‘आहेस?’ म्हणून.”

“आणि?”

“आणि काय? काम होतं माझं.”

“उत्तर नाही आलं तर निघून यायचं असतं ना?”

“हो.”

“मग येत का नाहीस?”

त्यावर त्याने डावा कान खाजवला. कानाची पाळी लाल झाली होती, शेगडीजवळ एका कुशीवर बसलं की होते तशी. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, उन्हाने. एकाच कानाला ऊन लागतं का? पण मग मी विचार केला, उजवी बाजू कॅमेऱ्याआड असते, तेव्हा लागतही असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

३

टॅन्सी मला धारेच्या पायथ्याशी, गाड्या लावतात तिथे सापडली. व्हॅनच्या मागच्या दारात बसून दलिया खात होती. मी आडपडदा ठेवला नाही.

“माझ्या नवऱ्याबरोबर वर जातेस का तू?”

आधी ती हसली, मग माझा चेहरा बघून तिने चमचा खाली ठेवला. “डेला, तुम्ही गंमत करताय.”

“मी गंमत करायला गुडघा घेऊन एवढी चालत येत नाही.”

“अहो, तो माझ्या बापाच्या वयाचा आहे! आणि खरं सांगू? माझा बाप दिसायला बरा आहे.”

हे मला झोंबलं. नवऱ्याला कुणी पळवावं असंही वाटत नव्हतं आणि कुणी नाक मुरडावं असंही नाही. मी पिशवीतून अस्वलाचा फोटो काढला आणि म्हटलं, तुझ्या उंचीची गाईड इथे दुसरी कोण आहे ते तूच सांग.

टॅन्सी कामात पक्की आहे, एवढं मानावं लागेल. तिने फोटो हातात घेतला, व्हॅनला टेकवून ठेवला, ओरिन उभा राहतो तेवढ्या उंचीवर डोळा आणून समोर उभी राहिली आणि डावा हात हळूहळू वर नेला. खांद्यावरून डोक्याशी, डोक्यावरून आणखी वर. हात पुरा ताणला तरी ती बोटं हलवत होती, अजून वर म्हणून.

“ही मी नव्हे,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “ही कुणीच नव्हे.”

दलियावर माश्या बसायला लागल्या.

“मी त्याला पाहिलंय एकदा,” टॅन्सी म्हणाली. “समोरच्या डोंगरावरून, दुर्बिणीतून. माझे पाहुणे सुतारपक्ष्याचं घरटं बघत होते. ओरिन धारेवर ट्रायपॉड लावून उभा होता. त्याच्या अगदी बाजूला एक उभा होता. काळा. मी म्हटलं, हा डेलाचा नवरा ना, मग एवढ्या जवळ कसा थांबतो? पडला तर?”

“मूर्ख आहे तो. पुढे?”

“पुढे काही नाही. दुपारी तो खालच्या ओढ्याजवळ सरकला. मी परत दुर्बीण लावली.” ती थांबली.

“बोल ना.”

“तिथेही त्याच्या बाजूला एक होता. डाव्या बाजूला.” मग घाईघाईने म्हणाली, “असायचाच. धारेवर उभ्यांना काय तोटा आहे?”

“काही तोटा नाही,” मी म्हटलं.

परत निघताना तिने मला हाक मारली. म्हणाली, “डेला, वर जाणार असाल तर मी येते बरोबर.” मी नको म्हटलं. नवरा माझा, खांदा माझ्या नवऱ्याचा, आणि तिथली जागाही माझी. त्यात तिसरीला कशाला घ्यायचं?

४

“गुडघ्याचं काय?” ओरिनने विचारलं.

“गुडघा माझा आहे. तू चाल.”

पहाटेचं धुकं ओसरताना आम्ही वर निघालो. चढावर तो नेहमीसारखा होता. मला हात देत होता, लुएलाच्या पॅनकेकची खोड काढत होता, एका वळणावर थांबून पाणी पाजलं त्याने मला. मला वाटलं, उगीच संशय घेतला आपण. मग धार दिसायला लागली आणि तो बोलायचा थांबला. त्याने शर्ट नीट खोचला. टोपी काढून बोटांनी केस सारखे केले. लग्नाआधी माझ्या दारात उभा राहून घंटा वाजवायच्या आधी तो असंच करायचा. मी आतून पडद्याआडून बघायचे.

वर कमरेएवढी आगफुलं माजली होती. मधमाश्या होत्या. त्यांच्यामधून उभे वर गेलेले, काही काळे, काही साल गळून पांढरे पडलेले. जवळ गेलं की खोडांच्या आत अळ्या लाकूड खातात ती बारीक करकर ऐकू येते. पाहुण्यांना मी ती कान लावून ऐकवत असे. त्या दिवशी कान लावायची गरज पडली नाही.

ओरिन थेट आपल्या ठिकाणी गेला. ट्रायपॉडच्या पायांना मातीत खड्डे पडले होते, इतक्या वेळा त्याने तो तिथेच रोवला होता. आणि त्या खड्ड्यांच्या डावीकडे, एक पाऊल मागे, परातीएवढी जागा उघडी होती. तिथे आगफूल नव्हतं, गवत नव्हतं. नुसती काळी, मऊ राख. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, माझे बूट चिखलाने भरले होते, पण ती राख कोरडी होती. मी वाकून हात लावला. ऊबदार होती.

मुळं जमिनीखाली धुमसत राहतात, हे मीच पाहुण्यांना सांगत असते. कधी कधी सगळा हिवाळा धुमसतात, वरून बर्फ पडतं तरी. तीन हिवाळे धुमसलेली मी कधी ऐकली नव्हती. पण मी काय सगळंच ऐकलंय थोडंच?

“तिथे नको उभी राहूस,” ओरिन म्हणाला. त्याने अजून कॅमेऱ्याला डोळा लावला नव्हता.

“का? गाईडने कुठे उभं राहायचं असतं?”

मी त्या राखेवर उभी राहिले. दोन्ही पाय रोवून राहिले.

थोड्या वेळाने हरणी आली, मागे तिचं पाडस. फुलं बाजूला सारत ती इतकी जवळ आली की तिच्या पापण्या दिसत होत्या. ओरिन वाकला. त्याची बोटं कॅमेऱ्यावर फिरायला लागली. मग डोळा न काढता, अगदी हळू, त्याने विचारलं, “आहेस?”

मी गप्प राहिले.

हे मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. उत्तर नाही आलं तर कॅमेरा टाकून पळायचं, नियम माझाच होता आणि ओरिनने तो कधी मोडला नव्हता. तो उठला असता, ‘डेला? डेला?’ करत मागे वळला असता, तर मी म्हटलं असतं की चूक माझी, मी एक संशयी म्हातारी आहे. हकलबेरीचे पॅनकेक करून त्याला खाऊ घातले असते. ऊठ, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. ऊठ ना रे.

माझ्या मागे, डोक्याच्या वर, लाकूड करकरलं. एकदाच आणि थोडंसं. वारा नव्हता.

“हं,” ओरिन म्हणाला आणि हसला. कॅमेऱ्यामागे त्याच्या ओठांचा डावा कोपराच फक्त हलतो. ते हसू समोरच्याला दिसत नाही. डाव्या खांद्याशी जो उभा असतो त्यालाच ते दिसतं. इतकी वर्षं ते एकट्या मला माहीत आहे असं मी समजत होते.

हरणीने मान वर केली. आधी लेन्सकडे बघितलं. मग डावीकडे, जराशी खाली, माझ्याकडे. जुन्या कॅलेंडरांतल्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिची नजर माझ्यावरून पुढे गेली आणि वर चढायला लागली. माझ्या कपाळावरून, टोपीवरून, आणखी वर. पाडसानेही मान तशीच वर केली. दोघंही घाबरली नव्हती.

माझी मान भाजायला लागली होती. मी मागे बघितलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, हे कबूल करते. मी खाली बघितलं. सकाळचं ऊन आमच्या पाठीशी होतं आणि सावल्या पुढे फुलांवर पडल्या होत्या. ट्रायपॉडची होती, ओरिनची वाकलेली होती. माझी नव्हती. माझ्या जागी एक लांब सरळ सावली हरणीच्या पायांपर्यंत गेली होती. मागे एखादा उभा असेल, त्याच्या सावलीत माझी झाकली गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. हे अगदी पटण्यासारखं होतं.

मग त्या सावलीचं वरचं टोक वाकलं. हळूहळू, ओरिनच्या कानाकडे. काही सांगायचं असलं की मी वाकते, तसं.

“सोड!” मी किंचाळले. “ओरिन, ऊठ! सोड गं त्याला!”

हरणी उधळली. ओरिन हलला नाही. मी त्याची कॉलर धरली आणि होती नव्हती ती ताकद लावून त्याला ओढलं. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. आम्ही दोघंही उतारावरून फुलांत गडगडलो. आणि मागे ते पडलं. आधी आवाज नाही. पडल्यावर मात्र सगळी धार हादरली.

राख खाली बसल्यावर दिसलं की ट्रायपॉडच्या जागेवर एक काळं खोड आडवं झालंय आणि कॅमेऱ्याचा चुरा त्याच्याखाली आहे. म्हणजे साधा उभा होता. उभे पडतात. म्हणून तर नियम आहे. मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. “बघितलंस?” मी म्हटलं. “मेला असतास आज!”

ओरिन गुडघ्यांवर रांगत वर गेला होता. कॅमेऱ्याकडे त्याने बघितलंही नाही. त्या खोडावर दोन्ही हात ठेवून बसला होता, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसे.

“डेला,” तो म्हणाला, “तू मध्ये का आलीस?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला चालला असता. ते खोड कुठून तुटलं, त्याचा बुडखा कुठे आहे, हे मी शोधलं नाही. त्याला दंडाला धरून खाली आणलं.

५

आता धारेवर बर्फ पडलंय आणि वाट बंद आहे. ओरिनने नवा कॅमेरा घेतलेला नाही. तो पुढच्या खोलीत खिडकीशी बसतो. खातो, पितो, मी बोलले की उत्तर देतो. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, उतरेल हळूहळू.

टॅन्सी एकदा अंगणात बर्फ उपसून गेली. आत ये म्हटलं, तर बूट ओले आहेत म्हणाली. लुएला पॅनकेक घेऊन आली होती. त्याच्याशी तासभर गप्पा मारायला आलेली बाई, चहासुद्धा संपवला नाही. बोलताना ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर सारखी त्याच्या डाव्या खांद्यावरून वर जात होती आणि ती सारखी ती खाली आणत होती. आपण असं करतोय हे तिच्या लक्षातही नसावं. दारात मला म्हणाली, “शेगडी फार पेटवतेस गं तू, त्याच्या खुर्चीपाशी किती गरम होतंय.” शेगडी स्वयंपाकघरात आहे.

तो मात्र अजून विचारतो. दिवसातून कितीदा तरी, खिडकीबाहेर बघत बघत. “आहेस?”

आणि मी उशीर लावत नाही. हातातलं टाकून उत्तर देते. गुडघा आता वाकतच नाही, तरी मी त्याच्या हाकेच्या टप्प्याबाहेर जात नाही. सामान आणायला टॅन्सीला पाठवते. दुसऱ्या कुणी उत्तर द्यायच्या आत माझं गेलं पाहिजे, एवढंच मी बघते. “आहे,” म्हणते. “आहे रे.” हरले नाही मी अजून. जिला तो हवा असेल तिची गाठ आधी माझ्याशी आहे.

आज सकाळी मी भांडी घासत होते. नळ जोरात सोडला होता. पुढच्या खोलीतून त्याचा आवाज आला, पाण्यामुळे जेमतेम ऐकू आला. “आहेस?”

मी नळ बंद केला आणि साबणाच्या हातांनी दारापर्यंत धावले. “आहे!” मी ओरडले. “मी आहे, ओरिन!”

तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. केस ओले करून, भांग पाडून. त्याने मान वळवली नाही, फक्त हात जरा वर केला. मध्येच बोलणाऱ्या पाहुण्याला गप्प करायला मी करायचे तसा.

“तुला नाही विचारलं, डेला,” तो म्हणाला.